पेल्यात थिजलेलं दूध

आमचे हे मुंबईला औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. गेल्या वर्षी माझ्या पोटात अन्न ठरेना. पेज घेतली तरी उलटून पडायची, दूध तर तसंच वाहून जायचं. नुसती हाडं उरली होती. तेव्हा यांनीच आगबोटीवरच्या माणसाबरोबर ती पांढरी पूड रत्नागिरीला पाठवली आणि मागोमाग स्वतः आले. चिमूटभर कोमट दुधात घालायची, ढवळायची आणि लगेच पिऊन टाकायची.

"अहो, यात वशाट काही नाही ना?" मी विचारलं होतं. गाईला घास घातल्याशिवाय मी पाण्याचा थेंबही घेत नाही, हे यांना ठाऊक होतं. "ज्या हाताने गोग्रास द्यायचा, त्याच हाताने भलतंसलतं तोंडात जायला नको."

"विलायती मुळी आहे गो, वाळवून दळलेली." असं म्हणून यांनी तुळशीला हात लावला.

मग मी कशाला दुसऱ्यांदा विचारते? पुडीने गुण आला. अंगावर मांस धरलं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "माझ्या हरीने बायको यमाच्या दारातनं ओढून आणली."

यंदा दिवाळीला हे घरी आले. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी पेल्यात पूड ढवळली, तेवढ्यात गोठ्यातून गाय हंबरली. वासरू दावं तोडून परसात पळालं होतं. त्याला धरून बांधीपर्यंत थोडा वेळ गेला. परत येऊन पेला तोंडाला लावते तो दूध ओठापर्यंत येईना. पेला कलता केला तरी हलेना. विरजण नाही, आंबट नाही, आणि दूध खरवसासारखं थिजलेलं! इतकी वर्षं दही लावते आहे मी. दही लागायला अख्खी रात्र जाते.

"अहो, हे काय झालं?"

हे ओटीवर होते. पेला पाहून उलट खूशच झाले. "ये, बस. दाखवतो." उद्यासाठी ठेवलेली रांगोळीची वाटी यांनी ओढली आणि सारवलेल्या जमिनीवर रेघा काढायला लागले.

"हे तोंड. घास चावलास की लाळ मिसळते, भात तिथूनच पचायला लागतो. ही अन्ननळी. ही जठराची पिशवी. आत आंबट रस सुटतो, घास घुसळून घुसळून त्याची आंबील होते. पुढे हे लहान आतडं. उलगडलं तर ओटीच्या या टोकापासून त्या टोकाला जाईल. यकृतातलं पित्त इथे उतरतं, तेलातुपाला फोडतं. आणि आतून कशी मखमलीसारखी लव असते! ती सगळा कस रक्तात ओढून घेते. उरला चोथा मोठ्या आतड्यात."

"आणि दूध?"

"दूध पडलं पातळ. पोटात थांबलंच नाही तर पचेल कसं? म्हणून जठरात ते आधी थिजायला हवं. तुझं जठर दमलेलं, ते काम पूड करते. आपल्या वासराचंच बघ ना, आईचं दूध पोटात गेलं की अस्संच घट्ट होतं. दूधपित्या वासराच्या जठरात हाच रस..."

यांच्या चिमटीतली रांगोळी आतड्यावर सांडत राहिली.

"मग मुळी कुठली हो?" मी म्हटलं.

हे सांडलेली रांगोळी तळहाताने पुसायला लागले.

"वासरू जिवंत असताना काढतात का तो रस?"

"राही, तू मरत होतीस."

"मी ते नाही विचारलं."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय बोलतेस? मीच म्हटलं, तिला कळू देऊ नको. मेली असतीस तर गाईला घास कुणी घातला असता? तुझ्या पुण्याईने नाही गो उठलीस, त्या पुडीने उठलीस. भटजींना बोलावते, पंचगव्य घे, झालं शुद्ध."

म्हणजे घरात मला एकटीलाच ठाऊक नव्हतं. वर्षभर मी गाईपुढे वाकत होते आणि ही दोघं मला वाकताना बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी वसुबारस केली. गाईला ओवाळलं, वासराच्या कपाळी कुंकू लावलं. ते माझा हात चाटायला लागलं तेव्हा मला हात तिथे ठेववेना.

संध्याकाळी हे एक बाटली घेऊन चुलीपाशी आले. "पूड नको, तर नको. हा ओव्याचा अर्क आहे. शपथेवर सांगतो."

मी वास घेतला. ओवाच होता, ओवा काय मला कळत नाही? पोटात कालपासून दुखतही होतं. घोट घेतला, तो तोंडातच राहिला. यांचा चेहरा रडवेला झाला होता, खरंच झाला होता. पण घोट खाली उतरेना. मी उठले, परसात जाऊन थुंकले आणि चूळ भरली.

"अगो, ओवाच आहे तो!" हे मागून म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "असेल."

आणि पेजेसाठी तांदूळ धुवायला घेतले.