डावरीची शिवण

पारखी आल्या आल्या गाडीला हात लावत नसे. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो तिच्याभोवती हिंडत राही, आणि तोवर विकणाऱ्याचा जीव टांगणीला लागे. आजही तेच चाललं होतं. गॅरेजच्या मधोमध ती बसकी, गडद लाल, दोघांपुरती गाडी उभी होती. कारखान्याने असल्या खास गाड्या मोजक्याच काढल्या होत्या. कारखाना बंद पडला, कागद जळाले, आणि तेव्हापासून बाजारात खऱ्यांपेक्षा खोट्याच जास्त दिसू लागल्या.

"काका, ती चावत नाही," दलाल म्हणाला.

"चावणारी परवडली. लगेच कळतं तरी."

घेणारी बाई दातांची डॉक्टर होती. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "अस्सल आहे की कवळी बसवलीय?"

पारखी हसला. इंजिन ठीक होतं, सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरालाही कुणी हात लावला नव्हता. पण साधी गाडीही याच सांगाड्यावर बनायची. तिला लाल रंग फासला, कुठून तरी चामड्याच्या सीटा आणून बसवल्या, की ती खास म्हणून खपे. म्हणून त्याने चालकाची सीट पुढे ओढली, गुडघ्यावर बसला आणि पाठीमागे खाली, जिथे चामड्याचं तोंड बंद करतात, तिथे बॅटरीचा उजेड टाकला.

टाके उलट्या बाजूला झुकलेले होते.

तो तसाच बसून राहिला. सीटा शिवायच्या खोलीत सगळ्या बायकांचे टाके एकीकडे झुकत, आणि एकीचेच दुसरीकडे. डाव्या हाताने शिवायची म्हणून सगळा कारखाना तिला डावरी म्हणे. पारखी तेव्हा फिटर होता. तिने शिवलेली सीट तो गाडीत बसवायचा, आणि पुढे दोघांनी संसार मांडला. पण घरी तिने कधी सुई धरली नाही. दिवसभर चामड्याशी झटापट केल्यावर बटणं कसली लावायची, ती ज्याची त्याने लावावीत, असं तिचं म्हणणं. म्हणून बटणं तोच लावायचा. ती गेल्यावर त्याने सगळी कपाटं पालथी घातली, तेव्हा घरात तिच्या हातचा एक टाका सापडला नाही. लोकांना वाटे, म्हातारा हौसेपायी जुन्या गाड्या तपासत फिरतो. प्रत्येक सीटखाली तो काय शोधत होता, ते फक्त लेकीला ठाऊक होतं.

लेक गॅरेजच्या दाराशी उभी होती. बापाची पाठ बघूनच ती जवळ आली.

"आईची?"

"तिचीच."

"मग विषय मिटला," दलाल म्हणाला. "सीट अस्सल, गाडी अस्सल. चहा मागवतो."

पारखीने नुसती मान डोलावली असती तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. "सीट अस्सल आहे," तो शेवटी म्हणाला. "ती याच गाडीची आहे का, ते आत आहे. तोंड बंद करण्याआधी बायका आतल्या कापडावर पेन्सिलीने सांगाड्याचा नंबर टाकायच्या. खास गाड्यांच्याच सीटांवर."

"म्हणजे उघडावी लागणार," डॉक्टरीण म्हणाली.

"टाके काढावे लागतील."

लेक खाली वाकली. "बाबा, राहू द्या. माझ्याच्याने होत नाही म्हणून सांगा. येईल दुसरा कुणी, तो उघडेल."

"दुसरा ब्लेड लावेल गं."

त्याने पिशवीतून बोथट सुई काढली. एकेक टाका तो उचलत गेला, धागा न तोडता. जिथे तिने घट्ट ओढलं होतं तिथे त्याचा हात थांबे. त्या दिवशी कुणावर तरी चिडली असावी, त्याच्यावरच बहुधा. दलाल दोनदा घड्याळ बघून बाहेर फिरून आला.

शेवटी चामडं सैल झालं. आत मळकट कापड, आणि त्यावर नंबर. सांगाड्यावरचाच. अजून काही असेल असं का वाटलं होतं कोण जाणे. दुसरं काही नव्हतं. पण आकड्यांवरून एक पुसट करडा पट्टा ओढला गेला होता. डाव्या हाताने लिहिताना तिचा तळवा लिहिलेल्यावरूनच सरकायचा. घरी किराणा लिहितानाही ती असंच सगळं फिसकटून ठेवायची आणि वर त्यालाच म्हणायची, "वाचता येत नाही का तुम्हाला?"

त्याचं बोट त्या पट्ट्याच्या अगदी जवळ गेलं. टेकवलं असतं तर पेन्सिल पुसली असती. त्याने बोट मागे घेतलं.

"गाडी अस्सल आहे," तो म्हणाला.

मग त्याने नवा धागा ओवला आणि तिच्याच भोकांतून शिवण बंद केली.

"होती तशीच झाली," डॉक्टरीण म्हणाली.

"नाही. नीट बघा, टाके आता इतरांसारखे दुसऱ्या बाजूला झुकलेत. ही शिवण उघडली होती आणि माझ्या हाताने बंद झाली, हे मी लिहून देईन."

जुना धागा त्याच्या तळहातावर वेटोळं होऊन पडला होता. डॉक्टरीण लेकीकडे बघून हलकेच म्हणाली, "तो तुमच्याकडेच असू द्या."

पारखीची मूठ मिटली. थोडा वेळ मिटलेलीच राहिली.

"आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो," तो म्हणाला, "काढलेली मूळ वस्तू गाडीबरोबरच राहिली पाहिजे. हा तिचा आहे, या गाडीचा." त्याने धागा छोट्या पाकिटात घातला आणि पाकीट सीटखाली ठेवलं. ठेवून झाल्यावरही हात लगेच बाहेर आला नाही.

दलालाने साबण आणि रुमाल पुढे केला. "काका, हात धुऊन घ्या, चहा आलाय."

"चहा नको."

परतीच्या वाटेवर लेक गाडी चालवत होती. बाप शेजारी, हात मांडीवर उताणे ठेवून. बोटांना जुन्या धाग्याचं मेण लागलं होतं, चिकट, थोडंसं मधासारखा वास येणारं. कारखान्यातून घरी यायची तेव्हा तिच्या बोटांना हाच वास असायचा.

"काच वर करू का?" लेकीने विचारलं. "वारा लागतोय तुम्हाला."

"कर," तो म्हणाला, आणि हात तसेच उघडे ठेवून बसला, कशालाही न लावता.