हार गळ्यात, कुंकू नाकावर

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे, मित्रांनो. नाव ऐकून घाबरू नका, काम अगदी सोपं आहे. बाहेरची हवा ओढून घ्यायची, पोटात दाबून भरायची आणि कोणी पाइप जोडला की जोरात सोडायची. सायकलच्या चाकात हवा भरायचा पंप तुम्ही पाहिला असेलच. मी त्याचाच थोरला भाऊ. फक्त माझा दांडा कोणाला हलवावा लागत नाही, ते काम मोटार करते. माझ्या लाल रंगाचे जागोजागी पोपडे निघाले आहेत, एक चाक किंचित लंगडतं, आणि आवाज असा आहे की मी सुरू झालो की समोरच्या घरातले लोक टीव्ही मोठा करतात. तरी आज मी खुशीत आहे. का, ते सांगतो.

माझा जन्म कोईम्बतूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून मी थेट पळस्पे फाट्यावर उतरलो, भगवान नावाच्या टायरवाल्याच्या दुकानात. गोव्याचा रस्ता वेगळा होतो तो हा फाटा. मे महिन्यात कोकणात निघालेल्या गाड्यांची अशी रांग लागायची की मला दम खायला फुरसत नसे. भगवान तोंडाचा कडक, पण मनाचा चांगला. "याच्या जिवावर माझं घर चाललंय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा माझी छाती फुगायची. तशी ती दिवसभर फुगतच असते म्हणा. रोज दुकान बंद करताना तो माझ्या पोटाखालची चावी उघडून आत साठलेलं पाणी काढून टाकायचा. हवेबरोबर ओल आत जाते, तिचं पाणी होतं, आणि ते तसंच राहिलं तर मला आतून गंज चढतो. पुढे दुकान वाढलं, माझ्या तिप्पट आकाराचं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्या डोक्यावर जुने टायर रचले गेले. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगलाच आला.

तिथून मला बाहेर काढलं कृष्णकांतकाकांनी. काका जन्मभर मुंबईत बँकेत होते. निवृत्त झाल्यावर नीताकाकूंबरोबर नव्या पनवेलच्या बैठ्या घरात राहायला आले. घराला गॅरेज होतं आणि काकांच्या मनात स्वप्न होतं, आपल्या हातांनी काहीतरी बनवायचं. त्यांनी गाडी बाहेर काढली आणि गॅरेजमध्ये मला आणलं. काकू म्हणाल्या, "गाडी उन्हात आणि यंत्र सावलीत. छान आहे!"

मग सुरू झाली खरेदी. काका रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि दुसऱ्या दिवशी कुमारच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभे राहत. कुमारने एकदा विचारलंच, "काका, तुम्ही बनवणार काय ते तर सांगा."

"सगळंच!" काका म्हणाले.

"मग सगळं दुकानच न्यावं लागेल."

त्याच सुमाराला बातमी आली. काकांची मुलगी रुचिराताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. काकांनी जाहीर करून टाकलं, "बारशाला बाळ मी केलेल्या पाळण्यातच झोपणार." आणि मित्रांनो, काय बनवायचं ते ठरल्याबरोबर काय घ्यायचं ते आपोआप ठरलं. भोकं पाडायला ड्रिल, लाकूड वळणदार कापायला जिगसॉ, घासून गुळगुळीत करायला सँडर. माझ्यासाठी लांब पाइप, दाब दाखवणारा काटा, हवेतलं पाणी अडवणारी काचेची बाटली आणि रंग फवारायची छोटी गन. ती गन काकांनी मला किती हवा देता येते ते बघून निवडली, म्हणून आमचं चांगलं जमलं. काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा आणि तोंडावरचा मास्क हट्टाने घ्यायला लावला.

फक्त एका बाबतीत काकांचा तोल गेला. ट्रकचे नट खोलायची एक भलीमोठी बंदूक सेलमध्ये दिसली आणि त्यांना राहवलं नाही. तिला इतकी हवा लागायची की दोन घासांत माझं पोट रिकामं. घरात ट्रक तर नव्हताच. "शोभेला ठेवा भिंतीवर," काकू म्हणाल्या, आणि ती अजून तिथेच आहे.

लाकूड दिलं काशीरामशेठनी. शेठ जवळच्याच कोन गावचे. पूर्वी शेती होती, आता इमारती बांधतात. काकांशी त्यांची मैत्री कशी जमली कोण जाणे, पण संध्याकाळी चहाला ते हजर. एका जुन्या घराच्या सागवानी चौकटी त्यांनी पिकअपमध्ये घालून आणल्या. "तुमच्या लेकीचा पालना हाय, साहेब. रेडिमेड कशाला? ह्यो सागवान घ्या."

काकांनी जीव ओतून काम केलं. पहिली बाजू वाकडी झाली, दुसरी बरी झाली, तिसरी पाहून काकूंनी चष्मा पुसला. नवरात्रापर्यंत पाळणा उभा राहिला. राहिला होता फक्त रंग.

आणि मग खंडेनवमी आली.

या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. भगवानही करायचा. पण त्याने घातलेला झेंडूचा हार पहिल्या ट्रकच्या चाकाबरोबरच थरथरून खाली पडायचा. काका पडले व्यवस्थित माणूस. हार पडू नये म्हणून त्यांनी तो वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने माझ्या डोक्याशी करकचून आवळला. मग हळदकुंकू हातात घेऊन ते माझं कपाळ शोधू लागले. माझ्या डोक्याच्या बाजूला एक काळी गोल डबी आहे, तिला बारीक भोकं आहेत. ती त्यांना कपाळासारखी दिसली. त्यांनी पाण्यात कालवलेलं हळदकुंकू तिच्यावर भक्तिभावाने थापलं, वर अक्षता चिकटवल्या आणि हात जोडले.

मित्रांनो, ते माझं कपाळ नव्हतं. ते माझं नाक होतं. हवा मी तिथून घेतो!

दुसऱ्याच दिवशी मी गुदमरायला लागलो. हळदकुंकू वाळून भोकं बुजली, राहिलेल्या भोकांतून झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या. काकांनी रंग भरला, गन उचलली, पण माझ्याकडे जोरच नव्हता. रंगाची धार थुंकल्यासारखी तुटक आली आणि पाळण्याच्या पहिल्याच फळीवर थेंब थेंब उठले. तासभर धापा टाकूनही माझा काटा वर चढेना. शेवटी मोटार तापून बंद पडली.

काकांनी सगळं तपासलं. पाइप बदलला, गन धुतली, पोटातलं पाणी काढलं, काचेची बाटली पुसली. मला जोडलेली एकेक वस्तू त्यांनी तपासली. मला मात्र पाहिलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ओरडायला हवा लागते आणि तीच नव्हती.

इतक्यात रुचिराताईचं बाळ जरा घाईनेच या जगात आलं. मुलगी झाली. घरभर पेढे वाटले गेले, आणि बारसं एकदम उंबरठ्यावर येऊन ठेपलं. काका गॅरेजमध्ये येत, ठिपक्यांची फळी बघत आणि परत जात. रुचिराताई म्हणाली, "बाबा, भाड्याने पाळणा आणू या ना. काही बिघडत नाही." काका "हो" म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला बघवेना.

काशीरामशेठ म्हणाले, "साहेब, म्हातारा झाला तो. कुमारकडं मोठा कॉम्प्रेसर हाय, मी आनतो. साइटचा भंगार न्यायचाच हाय, ह्याला पन नेतो त्याच्यासोबत."

भंगार! पळस्प्याच्या कोपऱ्यात टायर अंगावर घेऊन बसलो होतो तेव्हाही हा शब्द मी ऐकला नव्हता. सकाळी पिकअप दाराशी आली. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगली साथ दिलीस रे," ते म्हणाले. मला खूप वाईट वाटलं, आणि काकांचं अधिकच वाईट वाटलं. शेठच्या माणसांनी मला दोन्हीकडून धरलं.

"थांबा!" आतून काकू धावत आल्या. हातात निर्माल्याची पिशवी आणि कात्री. "तो हार काढल्याशिवाय न्यायचं नाही. देवाचं फूल आहे ते, भंगारात कसं टाकता? दसरा होऊन इतके दिवस झाले, कोणाला सुचलं नाही."

त्यांनी पट्टी कापली. हार वाळून डबीला घट्ट चिकटला होता. काकूंनी जोरात ओढला तशी डबीचं झाकणच हातात आलं. आत हवा गाळणारा स्पंज होता. पिवळा, लाल, पाकळ्यांनी गच्च भरलेला.

काकू बघतच राहिल्या. "अहो, इकडे या. याचं तर नाक चोंदलंय!"

काकांनी स्पंज हातात घेतला, झाकणावरच्या अक्षता पाहिल्या आणि कपाळावर हात मारला, स्वतःच्या. "अगं, मीच... मीच थापलं ते!"

काशीरामशेठ पोट धरून हसायला लागले. "साहेब, नाक देवाला पन हाय, पन त्याच्यावर कुंकू नाय कोन थापत!"

स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, डबी ब्रशने घासली. काकांनी बटण दाबलं. मी श्वास घेतला, आणि काय सांगू मित्रांनो, तो मोकळा वारा पोटभर आत आला! काटा सरसर वर चढला. काकू टाळ्या वाजवत होत्या. शेठनी पिकअपला मला न घेताच परत जायला सांगितलं.

ठिपक्यांची फळी घासून काकांनी त्याच दिवशी रंग दिला. लहान मुलांना चालणारा, पिवळा धमक. एक ठिपका उठला नाही. पाळणा उन्हात छान वाळला, आणि बारशाला बाळ त्यातच झोपलं. तिचं नाव मनस्वी ठेवलं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चाललं होतं तेव्हा मी गॅरेजमध्ये फुगे भरत होतो. एकही फोडला नाही, हे मुद्दाम सांगतो.

संध्याकाळी पाहुणे गेले. ज्याने त्याने काकूंचं कौतुक केलं होतं. बाळंतपण, स्वयंपाक, पाहुणचार, सगळं एकटीने निभावलं म्हणून त्यांना साडी नेसवली होती, गजरा माळला होता. तो गजरा तसाच ठेवून काकू गॅरेजमधल्या जास्तीच्या खुर्च्या आवरायला आल्या. मागून काका आले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काकूंच्या हातातली खुर्ची काढून घेतली आणि उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"बस इथे. खुर्च्या मी आवरतो. तू किती दिवसांत श्वास घेतला नाहीस, नीता?"

काकू खुर्चीत टेकल्या. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला. तो श्वास मला कळला, कारण त्या कामात मी जाणकार आहे.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी राबणारं यंत्र असो की माणूस, त्याला हार जरूर घाला. पण आधी जवळ जाऊन बघा, त्याचा श्वास नीट चालला आहे ना.