तिसावी नळी

फोन आला तेव्हा बेबीताई डोणगावच्या बाजारात वांगी निवडत होत्या. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत तुमच्या गावची आलिमा पॉझिटिव्ह आली. विषाणू सापडलाय, कॅन्सर नव्हे. पण पुढची तपासणी करायलाच लावा. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज गेलाय."

हातातलं वांगं बेबीताईंनी परत ठेवलं.

बारा वर्षं त्या गावात आशा सेविकेचं काम करत होत्या. गेल्या महिन्यात या तपासणीच्या तीस नळ्या भरून द्यायच्या होत्या. बाया पडद्याआड जात, स्वतःच कापसाची काडी आत फिरवून नळीत टाकत. एकोणतीस झाल्या. तिसावी आलिमाने तशीच परत केली. नळ्या न्यायला आलेली गाडी हॉर्न वाजवत होती, पाय ठणकत होते. नळीवर आलिमाच्या नावाची चिठ्ठी आधीच डकवलेली. बेबीताई पडद्याआड गेल्या आणि स्वतःचा नमुना टाकून आल्या. काही निघणार नाही, असंच धरून चालल्या होत्या.

बाजारातून त्या तशाच रिकाम्या पिशवीनं आलिमाच्या घरी गेल्या. तिचा नवरा आसिफ गाद्यांचं दुकान बंद करून घरीच बसला होता.

"या ताई," त्यानं मोबाइल पुढे केला. "सरकार म्हणते तपासलं. हे आलिमा म्हणते तपासलंच नाही. हा विषाणू बाई-माणसाच्या संबंधातून येते, तेबी वाचलं मी."

आलिमा परातीत तांदूळ निवडत होती. डोळे सुजलेले. "मी त नळी वापस देली होती ना ताई? सांगा यायले."

नळ्यांची अदलाबदल झाली, एवढं म्हटलं की सुटलं असतं. बेबीताईंच्या ओठांवर ते आलंही. पण मग त्या नळीतली बाई, म्हणजे त्या स्वतःच, कोणाला सापडली नसती. आणि आणखी एक खोटं सांभाळत हिंडायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"नळी हिची. आतलं माहं हाय," त्या म्हणाल्या. "तीस भरायच्या होत्या."

आसिफनं मोबाइल खिशात टाकला. "गावभर आमाले शिकवता, अन् तुमीच असं?"

"सकाळपासून मले बोलून राह्यले," आलिमा त्याला म्हणाली. "आता ताईले बोला. मले बोलाले मंग तोंड शिल्लक ठेवू नका."

तो चप्पल घालून बाहेर गेला.

बेबीताईंनी उंबऱ्यावर बसून फोन लावला. "सिस्टर, आलिमाचं नाव काढा. नळीतलं माहं हाय. वय बेचाळीस. कसं झालं ते येऊन सांगते, मंग कामावरून काढा पाहिजे त."

सिस्टर कोरड्या आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी मेहकरच्या दवाखान्यात पुढची तपासणी. सोबत कोण?"

हा प्रश्न बेबीताईंनी किती बायांना विचारला होता. उत्तरात बहुतेकदा बेबीताईंचंच नाव येई. फोनमधला आवाज आलिमालाही ऐकू गेला होता.

आलिमाने परातीतला खडा काढून अंगणात फेकला.

"लिवा म्हना," ती वर न बघता म्हणाली, "आलिमा."