पावणेदोन मणाचा पैलवान

पिंगळीच्या जत्रेत त्या वर्षी पंचांनी नवीनच खूळ काढलं. आता जोड नजरेनं ठरवायची नाही, पैलवान तोलून ठरवायची. पावणेदोन मणापर्यंत एक गट, त्याच्या वरचा दुसरा. वरच्या गटात देवगावचा दिनकरराव होता. मागच्या वर्षी त्यानं मला सलामी संपायच्या आत आभाळ दाखवलं होतं, म्हणून मी खालच्या गटात उतरायचं ठरवलं. लोकांना सांगितलं, अंग हलकं केलं की चपळाई येते.

माझे वडील रेवणप्पा यांचं गावात कापूस खरेदीचं दुकान होतं. तिथं माझं काम एकच, जेवायची वेळ झाली की अप्पांच्या आधी घर गाठायचं. पण त्या पंधरा दिवसांत मी रोज दुकानच्या काट्यावर, कापसाच्या पारड्यात जाऊन बसायचो आणि हमालाला समोर वजनं ठेवायला लावायचो. भर उन्हात घोंगडं पांघरून पळालो, भाकरी अर्ध्यावर आणली, शेवटी पाणीसुद्धा खुळखुळवून थुंकायला लागलो. आई म्हणायची, "चन्नप्पा, कुस्ती खेळायलास का उपास धरायलास?" जत्रेच्या आदल्या दिवशी मी बरोबर सत्तर सेर भरलो. पावणेदोन मण.

वजन सकाळी होतं आणि कुस्त्या दुपारी. म्हणजे तोलून झालं की खायला रान मोकळं. आईला शिरा करायला सांगून मी स्टेशनावर गेलो, कारण पंचांनी पार्सलचा काटा मागून घेतला होता. पार्सलबाबू गोविंदराव चष्मा सावरत म्हणाले, "साडेत्र्याहत्तर सेर. वरच्या गटात."

दिनकरराव फलाटावर केळी खात बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून आपुलकीनं मान हलवली. मी काट्यावरून उतरलोच नाही.

"तुमचा काटा खोटा हाय," मी म्हणालो. "आमच्या दुकानात मी सत्तरच भरलो. मणाचं वजन मागवतो, तुमीच ठेवून बघा."

अप्पांना विचारायचंही मला सुचलं नाही. आमच्या दुकानचा हमाल जाऊन लोखंडी वजन घेऊन आला. गोविंदरावांनी ते काट्यावर ठेवलं आणि आकडा दोनदा वाचला. बेचाळीस सेर. मग त्यांनी रेल्वेचं शिक्क्याचं मणाचं वजन ठेवलं. ते बरोबर चाळीस भरलं.

माझ्या डोक्यात अजून दिनकररावच होता. भोवती जमलेले शेतकरी मात्र काट्याजवळ सरकले होते. त्यांच्यातला आश्रुबा बारा वर्षं आमच्याकडे कापूस घालत होता. तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

"मणामागं दोन सेर कापूस फुकट," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर अप्पा धोतराचा सोगा धरून धावत आले होते.

"हे वजन आमचं न्हाई," ते म्हणाले. "हमालानं दुसऱ्या कुणाचं उचललं असंल."

हमालानं मान खाली घातली. गोविंदराव माझ्याकडे वळले. "चन्नप्पा, तू तर रोज यानंच अंग तोलून घ्यायचास. तुमच्याच दुकानचं का हे?"

अप्पा माझ्याकडे एकटक बघत होते. नाही म्हणालो असतो तर ते सुटले असते आणि आळ हमालावर आला असता. दिनकरराव डोक्यातून पार गेला.

"आमचंच हाय," मी म्हणालो. उपाशी पोटाचा आवाज तो केवढा असणार, पण सगळ्यांना ऐकू गेला.

अप्पा पाठ फिरवून निघून गेले. मी लंगोटावर तिथंच बसलो. आश्रुबा जवळ आला.

"धाकले मालक, कवापासून जेवला न्हाईत?"

त्यानं फडक्यातली भाकरी माझ्या हातात दिली. ती घेऊ नये हे मला कळत होतं. माझं हे सगळं अंग त्याच्याच कापसावर पोसलेलं. पण भूक आवरेना. मी खाल्ली, आणि खाताखाता लाजेनं रडलो.

"सावकास खा," आश्रुबा म्हणाला आणि त्यानं ते लोखंडी वजन खांद्यावर घेतलं. "हे मातर आमी घेऊन चाललाव."