भिंगरीची घोंगडी

दसरा काढायचे दिवस आले की आमच्या सुभद्राच्या अंगात येतं. नवरात्र बसायच्या आत घरातलं फडकंसुद्धा धुतल्यावाचून राहता कामा नये, असा तिचा कायदा आहे. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, माझी जुनी मफलर, सगळं. औशाला तिच्या माहेरी हे काम ओढ्यावर व्हायचं. आकुर्डीत ओढा कुठून आणणार? म्हणून ती गच्चीवर मोठ्या टबात उभी राहून गोधड्या तुडवते आणि मी बादल्या भरून देतो. एवढ्या वर्षांच्या संसारात या कामावरून मी तिला पुष्कळ चिडवलं आहे. यंदापासून चिडवणं बंद केलं.

त्याला कारण भिंगरी, आमची कुत्री. तशी ती मूळची आमची नव्हे, माण गावच्या सोपानरावांची. मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो, तेव्हा कामगारांची ने-आण करणाऱ्या बस सोपानरावांच्या मुलाच्या, दादासाहेबांच्या होत्या. त्या ओळखीवर दादासाहेब यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. सोपानराव नुकतेच वारले होते. आईला, छबूबाईंना, दादासाहेबांनी वाकडच्या आपल्या फ्लॅटवर नेलं होतं. माणचं घर पाडून तिथं इमारत व्हायची होती, आणि कुत्रीचं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं.

"भाऊ, तुमचं घर तळमजल्याला, पुढं अंगण, तुम्ही रिटायर," दादासाहेब म्हणाले. "फ्लॅटवर ठेवून बघितली. दिवसभर भुंकते, दार ओरबाडते, सोफा फाडून ठेवला. तुम्हाला जमलं तर बघा. नाहीतर गाडीत घालून लांब कुठंतरी सोडून येतो, दुसरं काय करणार?"

मला संताप आला. बापाच्या पायाशी निजणारी कुत्री, आणि म्हणे सोडून येतो! त्या रागाच्या भरात मी हो म्हणून बसलो. माझे निम्मे निर्णय असेच झालेत.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांच्या गाडीतून भिंगरी उतरली आणि उतरल्या उतरल्या अंगणाला चकरा मारायला लागली. तांबूस, सडपातळ, कान उभे, डोळ्यांत कायम भीती. मागोमाग छबूबाई उतरल्या. त्यांच्या काखेत काळी घोंगडी होती.

"ह्यांची हाय," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासनं हिच्याबिगर कुठं निजतच न्हाई ती. कापडं तेराव्यालाच दिऊन टाकली समदी. ही तेवढी ऱ्हायली. असू द्या हिच्याजवळ. माझ्यापरीस हिला जास्त लागंल."

सुभद्रानं पदर नाकाला लावला. घोंगडीला तंबाखूचा, गोठ्याचा आणि म्हाताऱ्या माणसाच्या घामाचा वास होता. छबूबाईंची गाडी कोपऱ्यावर वळायची खोटी, की ती म्हणाली, "अहो, हे माझ्या घरात येणार नाही." शेवटी व्हरांड्याच्या कोपऱ्यावर तडजोड झाली. झाडताना ती घोंगडी केरसुणीच्या टोकानं सरकवायची, हात म्हणून लावायची नाही.

भिंगरीनं पहिले काही दिवस आमचा जीव नकोसा केला. कुकरची शिट्टी झाली की थरथर. रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की फाटकावर झेप. आम्ही दोघं बाहेर पडलो तर गळा काढून असं रडायची की कुणाला वाटावं आम्ही तिला मारून गेलोय. वरच्या मजल्यावरचा सिद्धेश थर्ड शिफ्ट करून सकाळी झोपतो. तो लाल डोळ्यांनी खाली आला. "काका, कायतरी करा राव. मशीनवर डुलक्या लागतात." त्याचं काय चुकलं? सुभद्रानं मला निर्वाणीचं सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघते. नाही सुधारली तर दादासाहेबांना फोन लावा."

फोन लावला तर भिंगरीचं काय होईल हे मला माहीत होतं. मी कामाला लागलो. नवीन मशीन बसवलं की पहिल्याच दिवशी पूर्ण लोड देत नाहीत, हे मला कंपनीनं शिकवलं होतं, तेच इथं चालवलं. सकाळी उठून तिला शेजारच्या प्राधिकरण वसाहतीतल्या रस्त्यांवर लांब फिरवायचो. प्रत्येक खांब, प्रत्येक झाड तिला हवा तितका वेळ हुंगू द्यायचो. घरी आलो की घोंगडीच्या घड्यांत भाकरीचे तुकडे दडवायचे. ते हुंगून शोधता शोधता ती दमायची आणि तिथंच नाक खुपसून निजायची. मग तिला एकटं राहायची सवय. आधी नुसतं फाटकापर्यंत जाऊन परत. मग वाण्याच्या दुकानापर्यंत. मग स्टेशनपर्यंत. जाताना लाड नाहीत, येताना गाजावाजा नाही. हे सुभद्राला फार जड गेलं, कारण न बोलता घरात शिरणं तिच्या स्वभावातच नाही.

काही वाजलं, कशाला घाबरली, की भिंगरी घोंगडीकडे धावायची. तोंड आत लपवायची. बरगड्या धापा टाकत असायच्या, मग हळूहळू संथ व्हायच्या. मी ते बघत बसायचो. तिच्यापुरते सोपानराव त्या कोपऱ्यात होते.

अधूनमधून छबूबाई यायच्या. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. भिंगरीशेजारी घोंगडीवरच बसायच्या, तिचं टोक मांडीवर ओढून घ्यायच्या आणि चहा निवून जाईपर्यंत तिथून उठायच्या नाहीत. म्हातारीचा कुत्रीवर किती जीव आहे, असं आम्ही म्हणायचो.

पावसाळा सरता सरता सिद्धेशनं मला जिन्यात विचारलं, "काका, कुत्री कुणाला देऊन टाकली का?" मला केवढा आनंद झाला! आणि सुभद्रा? आधी ती "ए कुत्रे" म्हणायची, मग "भिंगे" म्हणायला लागली, आणि एक दिवस तव्यावरची पहिली भाकरी मला न देता तिला घातली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मग दसरा काढायचा दिवस आला. गच्चीवरच्या आदळआपटीनं भिंगरी बिथरेल म्हणून मी त्या सकाळी तिला नेहमीपेक्षा लांब फिरायला नेलं. परत आलो तर गच्चीच्या कठड्यावर घोंगडी ठिबकत होती. गुडघ्यापर्यंत भिजलेली सुभद्रा वरून मला हाका मारत होती.

"बघा तरी, कशी काळीभोर निघाली! गरम पाण्यात भिजवली, पावडर घातली, वरून ते वासाचं लिक्विड घातलं. काय मळ निघाला, आई गं! घरातल्या सगळ्यांचं धुतलं, मग तिचंच अंथरूण पारोसं का ठेवायचं? ती काय परकी आहे?"

जी घोंगडी केरसुणीनं सरकवली जायची, ती तिनं आपल्या हातांनी चोळून धुतली होती. मी खालूनच "वा!" म्हणालो. खरंच सांगतो, दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी सुभद्रानं घोंगडी कोपऱ्यात नीट अंथरली. भिंगरी धावत आली आणि जागीच थबकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत गेली. पंजांनी घोंगडी उकरली, उलटी केली, खालची फरशी हुंगली. मग फाटकाशी गेली, परत आली, पुन्हा पहिल्यापासून हुंगायला लागली.

"अहो," सुभद्रा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "अहो, ती त्यांना शोधतेय."

त्यानंतर भिंगरी निजेना. उन्हाळ्यात होती त्याहून वाईट झाली. भाकरीला तोंड लावेना, घोंगडीवर तर पाय ठेवेना. सुभद्रा तिच्या पाठीवर हात ठेवून फरशीवर बसून राहायची आणि तिची माफी मागायची. एकदा तर तिनं टपरीवरून तंबाखूची पुडी आणून घोंगडीवर चुरली. भिंगरी शिंकली आणि लांब जाऊन बसली. एरवी मी या गोष्टीवरून सुभद्राला महिनाभर पिडलं असतं. सिद्धेश पुन्हा खाली आला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

दसऱ्याला छबूबाई सोनं द्यायला आल्या. आपट्याची पानं आमच्या हातावर ठेवून सवयीप्रमाणे कोपऱ्यात घोंगडीवर बसल्या. भिंगरी धावत येऊन त्यांच्या कुशीत घुसली. त्यांनी एका हातानं तिला कुरवाळलं आणि दुसऱ्या हातानं घोंगडीचं टोक मांडीवर ओढून नाकाशी नेलं.

त्यांचा हात तसाच राहिला. म्हातारी इतके दिवस कशासाठी येत होती, ते मला तेव्हा कळलं.

"धुतली व्हय?" त्यांनी विचारलं.

"मावशी, दसरा काढताना माझ्या हातून..." सुभद्रा म्हणाली.

"बरं केलंस. लई मळली व्हती." छबूबाईंनी ते टोक मांडीवरून काढलं, नीट घडी घालून खाली ठेवलं आणि वरून हात फिरवून सुरकुती मोडली.

सुभद्राला रडू फुटलं. "मावशी, हिचं आता कसं करू? हिला परत पाठवायची वेळ येईल हो. तुमचं एखादं नेसूचं लुगडं द्याल? न धुतलेलं. तुमच्या वासावर तरी निजेल ती."

"दीन की. उंद्या दादाच्या गाडीतनं धाडते. हिला माझं चालंल." त्या बराच वेळ भिंगरीचा कान चोळत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला आता ह्यांचं कुठनं आनू गं, पोरी?"

त्यांनी दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लुगडं आलं. वास उडू नये म्हणून छबूबाईंनी पिशवीचं तोंड गच्च बांधलं होतं, आम्हाला ती गाठ कापावी लागली. भिंगरीनं लुगडं हुंगलं, त्यावर गोल गोल फिरली आणि निजली. आता ती पुष्कळच शांत आहे. दादासाहेबांना फोन लावावा लागला नाही.

छबूबाई मात्र त्यानंतर आलेल्या नाहीत. फोन केला की गुडघे दुखतात म्हणतात.

घोंगडी सुभद्रानं कपाटात वेगळी ठेवली आहे. मधूनच ती काढते, एकेक घडी उलगडते, नाकाशी नेते आणि मला हाक मारते. "अहो, इकडं या. ह्या कोपऱ्यात थोडा राहिलाय का बघा. राहिला असेल तर मावशींना नेऊन देऊ."

मी हुंगतो. मला नुसता पावडरीचा वास येतो. तसं तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.