पोपटी रंगाचा एन्लार्जर

“समुद्राकाठी भिंग कपाटात कोंडू नये गो पोरी, त्याला रोज वारा दाखवावा,” असं भिकाजी मास्तर म्हणाले होते, तेव्हा वैजयंती ओढणीत तोंड लपवून हसली होती. मास्तरांचा रत्नागिरीत जुना फोटो स्टुडिओ होता आणि कॉलेजच्या सुट्टीत ती तिथे फिल्म धुवायला शिकत होती. मास्तर छत्रीला वारा दाखवत, पापडांना दाखवत, दुपारी अंगणात बसून स्वतःच्या टकलालाही दाखवत. त्यांचं बोलणं मनावर कोण घेणार? लग्नात माहेरून मिळालेला कॅमेरा तिने चामड्याच्या पिशवीत घातला, पिशवी शालूच्या घडीत ठेवली आणि शालू कपाटात. पावसाळा सरल्यावर काढून बघते तर भिंगाच्या आत पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलेलं! बुरशी. पुसायची सोय नाही, कारण ती काचेच्या आतच रुजलेली.

तेव्हापासून वैजयंती कुठलंही भिंग आधी उजेडासमोर धरून बघते. आणि लेक चिमा झाल्यापासून तर ही बघण्याची खोड भिंगापुरती राहिलीच नाही. दुधावर साय जाड का, चिमाच्या जिभेवर पांढरं का, विहिरीवरची जाळी सरकली तर नाही ना? नवरा आत्माराम हायस्कुलात गणित शिकवत असे. तो म्हणायचा, “वैजू, तुझ्या डोळ्यांना रविवारची तरी सुट्टी दे.”

पण त्या वर्षी मिरकरवाड्याची, म्हणजे बंदरावरच्या कोळीवस्तीची, अब्रू राखली ती याच डोळ्यांनी. ती हकिगत अशी.

नारळी पौर्णिमेच्या आधी मांडवीच्या जेटीसमोर होड्यांची शर्यत लागते. वल्ह्यांची शर्यत, पण बक्षीस पैशाचं नाही, मानाचं. ज्याची होडी पहिली, त्या तांडेलाने पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ समुद्राला अर्पण करायचा. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता, सुकाणू धरणारा. जानू तांडेल गेली कित्येक वर्षं शर्यतीत उतरत होता आणि नारळ दर वेळी दुसऱ्याच्याच हातात जात होता. त्याचे गुडघे आता धरायला लागले होते. पुढल्या वर्षी सुकाणू पुतण्याकडे द्यायचं हे घरात ठरूनही गेलं होतं. म्हणजे नारळ मिळाला तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. वैजयंती कडेवर चिमाला आणि गळ्यात नवं भिंग बसवलेला कॅमेरा घेऊन जेटीच्या टोकाला गेली खरी, पण खाली फेसाळणारं पाणी बघून जागीच थबकली. तिथे शर्यतीच्या शेवटाची खूण म्हणून एक बांबू रोवलेला होता आणि त्याच्या बरोबर समोर, खाडीत, नांगरलेल्या पडावावर, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीवर, निशाण होतं. वैजयंतीने एका हाताने चिमाला आवळलं, दुसरा हात बांबूला गुंडाळला आणि गाल बांबूला टेकवूनच कॅमेऱ्यातून बघितलं. बाया हसल्या. “वयनी, बांबूशी लगीन लावलंत काय?”

जानूची होडी आणि शिवा तांडेलाची होडी अगदी जोडीने आल्या. लाट उठली, लोक ओरडले, वैजयंतीने बटण दाबलं. पंच मंडळी जरा बाजूला, ताडपत्रीखाली खुर्च्या टाकून बसली होती. त्यांनी आपसात मान हलवून शिवाचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी जानूची बायको हिरा नेहमीप्रमाणे मासळी घेऊन दारात आली, पण टोपली उतरवलीच नाही.

“वयनी, आमचा म्हातारा जेवला नाय काल. म्हनतो, माझी नाळ पुढं व्हती. मी म्हटलं, सगळेच तसं म्हनतात. तुमी फोटू काढलात ना? त्यात बगा की.”

नाळ म्हणजे होडीचं पुढचं निमुळतं टोक. वैजयंतीने फिल्म घरीच धुतली होती. कोठीच्या खोलीत तिची तेवढी तयारी होती. पण फोटो मोठा करायला एन्लार्जर नव्हता, म्हणून निगेटिव्ह कागदावर टेकवून निघतात तसे टपाल तिकिटाएवढे ठसेच तिच्याकडे होते. त्या ठशावर होड्या म्हणजे तांदळाचे दोन दाणे. हिराने डोळा बारीक करून बघितलं. “यात तर म्हाताराही दिसत नाय आणि होडीही दिसत नाय.”

“रंगावरून कळलं असतं,” आत्माराम म्हणाला. “जानूचा पट्टा लाल ना?”

“फोटो काळा-पांढरा आहे, अहो. लाल काय, हिरवा काय, दोन्ही सारखेच करडे.”

“आमच्या नाळेला पत्र्याचं ठिगळ हाय,” हिरा म्हणाली. “गेल्या साली खडकाला लागली तवा मारलं. सगळा वाडा हसतो त्या ठिगळाला. ता दिसेल का?”

“मोठा केला तर दिसेल. खूप मोठा केला तर.”

खूप म्हणजे किती, हे तिने मनाशी ताडलं. गावातले स्टुडिओ आता रंगीत फोटोंच्या मागे लागले होते. फिल्म कोल्हापूरला जायची आणि फोटो सवडीने यायचे. एकुलती एक निगेटिव्ह एसटीच्या पार्सलात टाकायची तिची छाती नव्हती. एन्लार्जर घ्यायचं दोघांच्या मनात केव्हापासून होतंच. फक्त कुठला घ्यावा यावर गाडं अडलेलं. आता ते अडून चालणार नव्हतं.

रामआळीतला सदू फोटोग्राफर रंगीत कामाला लागल्यापासून जुनं सामान काढायला बसला होता. त्याच्याकडे दोन एन्लार्जर होते. एक जर्मन. काळाभोर, चकचकीत, देव्हाऱ्यासारखा मखमली कापडाखाली झाकलेला, त्याचं भिंग वेगळ्या डबीत. दुसरा इथलाच, मुंबईत कुठेतरी बनवलेला. गंजू नये म्हणून सदूच्या वडिलांनी त्याला उरलेला पोपटी ऑइलपेंट फासला होता. तो कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या दांड्यावर सदूचा ओला टॉवेल वाळत होता.

“साळवी सर, तुम्ही जाणकार,” सदू म्हणाला. “जर्मन माल आहे. हा घेतलात तर नातवंडं वापरतील.”

आत्मारामने जर्मन यंत्राचं चाक फिरवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. “वैजू, बघ तरी! याला म्हणतात काम.”

वैजयंतीने चिमाला त्याच्या कडेवर दिलं, डबी उघडली आणि भिंग दाराच्या उजेडात धरलं. तिरकं केलं. पुन्हा धरलं.

“सदूभाऊ, ही डबी शेवटची कधी उघडली होती?”

“जिवापाड जपलंय वहिनी! उघडायची काय गरज?”

“तेच. आत बुरशी आहे.”

“कुठे? मला तर आरपार दिसतंय.”

“कडेला बघा. माशाच्या काट्यासारखे तंतू.”

सदूने बघितलं आणि खाकरला. मग तिने पोपटी यंत्राचं भिंग मागितलं. ते खिडकीत खिळ्याला सुतळीने टांगलेलं होतं. त्याची कुणी किंमतच केली नव्हती, म्हणून ते बारा महिने वाऱ्यावर झुललं होतं. तिने ते उजेडात धरलं. विहिरीच्या पाण्यासारखं नितळ!

“भिंग काय, बदलता येईल,” आत्माराम हळूच म्हणाला. त्याचा जीव अजून त्या चाकात अडकला होता. “यंत्र तरी जर्मन घेऊ. तो पोपट घरात शोभेल का?”

“अहो, मला शोभेला नकोय.” ती जर्मन यंत्राच्या मागे गेली. त्याचा दांडा तिरका होता आणि बुडाच्या फळीत कायमचा बसवलेला. पोपटी यंत्राचा दांडा सरळ होता आणि बुडाशी एका मोठ्या नटाने आवळलेला. ती वाकली, नट चाचपला. “सदूभाऊ, पाना आहे? याचं डोकं मागे फिरतं का बघू.”

“वहिनी, यंत्राचं कशाला फिरवता? इथे माझंच फिरायची पाळी आली!”

पण नट सैल झाला, दांडा कुरकुरत अर्धा वळला, आणि एन्लार्जरचं दिव्याचं डोकं फळी सोडून मागच्या बाजूला, टेबलाच्या कडेबाहेर लोंबलं. वैजयंतीने खाली जमिनीकडे बोट दाखवलं.

“फळीवर प्रकाश पाडला तर फोटो वहीएवढा होतो. टेबलावरून थेट जमिनीवर पाडला तर? जेवढं अंतर, तेवढं चित्र मोठं.”

गणिताच्या मास्तरांचा चेहरा उजळला. “अरेच्चा! म्हणजे जमीनच आपली फळी!”

“आणि जर्मन?” सदूने शेवटचं विचारलं.

“जर्मन तुमच्या नातवंडांना ठेवा,” आत्माराम म्हणाला आणि पोपटी यंत्र खांद्यावर घेतलं. वाटेत दोघांनी विचारलं, सर, उसाचा रस काढायचं मशीन का? त्याने दोघांनाही हो म्हटलं.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, दिवा पिवळा होतो. म्हणून काम भर दुपारी करायचं ठरलं. कोठीच्या खिडकीला दोन घोंगड्या, दाराच्या फटीला चिंध्या. डोकं मागे फिरवल्यावर यंत्र उलटं पडायला बघू लागलं, तेव्हा वैजयंतीने स्वयंपाकघरातला पाटा फळीवर ठेवायला लावला. पाट्याखाली जर्मनही हललं नसतं! चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरचा आणि ते पक्कं करणाऱ्या हायपोचा ट्रे तिने उंच फळीवर ठेवले, चिमाचा हात पोचणार नाही अशा. मग त्याहून उंच ठेवले. शेवटी चिमालाच बाहेर हिराच्या मांडीवर बसवलं आणि आतून कडी घातली.

यंत्राचा दिवा लावला. जमिनीवर समुद्र पसरला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. पाणी काळपट, होड्या पांढुरक्या. तिने गुडघ्यांवर बसून नाळ शोधली, दिवा विझवून त्या जागी फोटोचा ब्रोमाइड कागद मांडला, चारी कोपऱ्यांवर चिंचोके ठेवले आणि दिवा पुन्हा लावला. प्रकाश इतक्या लांबून येत होता की कागदाला बराच वेळ द्यावा लागणार होता, आणि तेवढ्या वेळात जमीन जराही हादरता कामा नये. ती भिंतीला पाठ टेकवून श्वास धरून बसली. बाहेरून चिमाची बडबड ऐकू येत होती. “हिरामावशी, बांगड्याला डोळा का?” आणि मग एकाएकी ती बडबड थांबली.

मूल रडलं तर आईला बरं वाटतं. गप्प झालं की काळजाचा ठोका चुकतो. विहीर. जाळी. टोपलीतला कोयता. वैजयंतीचा हात कडीकडे गेला. दार उघडलं तर उजेड येणार, कागद जाणार. हाक मारली असती, पण उत्तराला चिमा धावत येऊन दारावर थापा मारणार, आणि जमीन हादरणार. हिरा आहे ना बाहेर, तिने स्वतःला बजावलं. तिने सहा पोरं वाढवलीत, तुझ्याकडे एक आहे. वैजयंतीने हात मागे घेतला आणि मुठीत दाबून धरला.

वेळ भरली. कागद डेव्हलपरमध्ये घातला. कागदाला न बाधणाऱ्या लाल उजेडात आधी पाण्याच्या रेघा आल्या, मग बांबूची धूसर कड, मग तिच्या बरोबर समोर पडावावरचं निशाण. बांबू आणि निशाण एकामागे एक, सुतात! गाल बांबूला टेकवून फोटो काढल्यामुळे कॅमेरा नेमका शेवटाच्या रेषेवरच होता. पंच बाजूला बसून तिरकं बघत होते. सरळ बघणारी, जीव मुठीत धरून उभी असलेली, ही एकटीच होती. आणि त्या रेषेच्या पुढे एक नाळ सरकलेली. दुसरी अजून मागे. पुढच्या नाळेवर एक चौकोनी, उजळ डाग उमटत गेला, आणि त्याच्या कडेला खिळ्यांचे टिपके.

कागद हायपोत बुडला तशी ती कडी काढून बाहेर धावली. चिमा हिराच्या मांडीवर गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. हिराने ओठांवर बोट ठेवलं. “श्श! आत्ता डोळा लागलाय. काय निघालं?”

वैजयंती तशीच मागे वळली. तिने आतून ट्रेच उचलून आणला. हिराने बघितलं, ओल्या कागदावर बोट टेकवलं आणि झोपलेल्या पोरीची पर्वा न करता किंचाळली, “माझं ठिगळ!”

संध्याकाळी मिरकरवाड्यात जाळी विणायच्या मांडवाखाली फोटो हातोहात फिरला. पंच म्हणाले, कागदावर काय कुणी काहीही छापेल. तेव्हा आत्मारामने बांबू, निशाण आणि डोळा यांची रेष खडूने जमिनीवर काढून दाखवली. वर्गात कधी मिळालं नव्हतं एवढं लक्ष त्याला तिथे मिळालं. तरी पंच चुळबुळतच होते. शेवटी शिवा तांडेल स्वतः उठला. त्याने फोटो कंदिलाजवळ धरला, बराच वेळ बघितला.

“ह्या ठिगळाला सगळ्यात जास्त मीच हसलो होतो,” तो म्हणाला. “जानूकाका, नारळ तुमचा. चोरीचा मान दर्याला चालत नाय.”

ढोल वाजला.  फोटो घेऊन जानू एकेकाला दाखवत सुटला. ज्यांनी दोनदा बघितला होता त्यांनाही.

पौर्णिमेला तो कमरेइतक्या पाण्यात गेला, गुडघे विसरून, आणि सोनेरी नारळ दोन्ही हातांनी लाटेवर सोडला. वैजयंतीने तोही फोटो काढला, वाळूवर घट्ट पाय रोवून. पोपटी यंत्राला त्या आठवड्यात उसंत नव्हती. मिरकरवाड्यातल्या प्रत्येक तांडेलाला आता आपली नाळ हातभर मोठी हवी होती. सदूने निरोप धाडला: वहिनी, विचार बदलला असेल तर पोपट परत घेतो, वर जर्मन फुकट देतो. आत्मारामने उलट निरोप दिला की पोपट आता बोलायला लागलाय, तो विकायचा नाही.

सगळं कसं मनासारखं झालं. पण वैजयंतीला सुख लागेल तर शपथ. पुढल्या वर्षी ठरल्याप्रमाणे सुकाणू पुतण्याकडे गेलं, तरी जानूकाका घरी बसेना. नारळाच्या मानाने म्हातारा पुन्हा तरणा झालाय. हिरा बाजारात गेली की छोटं होडकं काढून एकटाच खाडीत जातो, असं कुणीतरी सांगितलं. चिमाला गोवर आलाय, वैजयंतीला उंबरा ओलांडता येत नाही. तेव्हा तुम्ही त्या बाजूला गेलात तर तिचं एवढं काम करा. मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यामागे कुणालाही विचारा, जानू तांडेलाचं घर दाखवतील. होडकं दाराशी बांधलेलं आहे का बघा. नसेल तर धक्क्यावर जाऊन दोन हाका मारा, आणि तो परत येईपर्यंत जरा थांबा. वैजयंतीने पाठवलं असं मात्र सांगू नका.