निराकारवाडीत विरलेली माणसं

काशीगावामागे, डोंगराच्या पायथ्याशी निराकारवाडीत सकाळपासून गर्दी लोटली होती. मीरा रोडहून रिक्षा भरभरून माणसं येत होती. आज पुन्हा कुणीतरी देहासकट निराकारात विरणार होतं. निराकारबाबांच्या भक्तांपैकी आधी लीलाधर विरले, मग दिव्या. आज हंसाची पाळी.

तिचे पती आत्माराम निवृत्त शिक्षक. वर्गाबाहेर चार माणसांत बोलणं ते टाळत. विरलेली माणसं जातात कुठे, असं त्यांनी घरी एकदाच विचारलं होतं. पुस्तकाबाहेरचं तुम्हाला काय कळतं, म्हणत हंसाने गप्प केलं होतं. तेव्हापासून त्यांना आपल्या शंकेचीच शंका येई.

हंसा पांढऱ्या खोलीत शिरली. मध्ये समई, बाकी काही नाही. पडदा पडला.

"माया गई, काया गई!" निराकारबाबा माइकवर म्हणाले. "ज्याच्या मनात पाप, त्याला ती अजून दिसेल. दिसतेय कुणाला?"

पडदा सरला. खोली रिकामी. दिसते म्हणायची कुणाची छाती होणार?

खोलीपुढे बांधलेल्या दोरीबाहेरून फक्त फुलं वाहायची, असा वाडीचा नियम. पण शेजारच्या मनोरमाताईंना राहवेना. सासरी निघालेल्या लेकीवर टाकाव्यात तशा त्यांनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता खोलीत उधळल्या. टकटक आवाज झाला. काही दाणे उलटे आले, काही अधांतरी चिकटून राहिले.

"निराकाराने अक्षता झेलल्या!" बाबांनी सावरून घेतलं. जयजयकार झाला.

आत्मारामांनी दोरी ओलांडली.

"काका, जल जाओगे!" सेवक धावला.

त्यांनी दाण्यांवर बोट ठेवलं. थंडगार आरसा. भिंतींना बिजागरीवर बसवलेले दोन आरसे समईच्या दांड्याआड येऊन मिळाले होते. त्यांत बाजूच्या भिंती दिसत. पाहणाऱ्याला वाटे, मागचीच भिंत. त्यांनी आरसा ढकलला. मागे हंसा बसली होती. तिच्यामागच्या बुटक्या दारातून पत्र्याची शेड दिसत होती. तिथे लीलाधर आणि दिव्या बाबांच्या उदबत्त्या वळत होते. घरच्यांनी तुमचं तेरावं उरकलंय, आता भूत म्हणून हाकलतील, असं बाबांनी त्यांना सांगितलं होतं.

"पडद्याआड आरसे तूच ओढून घेतलेस?" आत्मारामांनी विचारलं.

"हो. घरात तरी मी कुणाला दिसत होते?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. "घरी चल. हवं तेवढं भांड."

हंसाने उठण्यासाठी हात पुढे केला.

तो धरूनच आत्माराम गर्दीकडे वळले. आवाज कापत होता, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"शंका घेणं पाप नाही. दोरी सोडा, आत या, हात लावून बघा. आणि तुमची माणसं मागे बसलीत, त्यांना घरी न्या."

सगळ्यांत आधी मनोरमाताई दोरीखालून वाकून आत आल्या.